आईसारखी बाहुली

यजमान गेले, मुलगा पुण्याला कामाला लागला, आणि तेर गावातल्या घरात मी आणि शिलाई मशीन एवढंच उरलं. बायका ब्लाउजचं कापड उंबऱ्यातूनच देऊन परत जात. दुपारभर बोलायला कुणी नसे.

दिवाळी झाल्यावर एकदा शेजारची लहानगी पोर दारात आली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि ती आजीपाशी राहिली होती. आजीला ऐकू कमी यायचं. पोरीच्या हातात पिवळ्या केसांची, लांब पायांची, गुलाबी झगा घातलेली बाहुली होती. जाण्याआधी आईनं तुळजापूरच्या बाजारातून घेऊन दिलेली.

"काकू, हिला दुसरं कापड शिवता का?"

मी चिंध्यांतून एक परकर शिवला. मग साडी, मग नर्सचा पांढरा कोट. हळूहळू गल्लीतल्या इतर पोरीही आपापल्या बाहुल्या घेऊन येऊ लागल्या. सगळ्या तशाच, टाचा उचललेल्या, आधाराशिवाय उभ्या न राहणाऱ्या. या गोऱ्या बाईत पोरी काय बघतात ते मला आधी कळेना. माझ्या लहानपणीची कापडाची बाहुली कायम बाळच होती. तिला थोपटायचं, निजवायचं. ही मात्र मोठी बाई होती. पोरी तिला पोलीस करत, नोकरीला लावत, एकटीला एसटीत बसवून लांब पाठवत.

एका दुपारी ती पोर म्हणाली, "आता हिला आईवानी करा."

"म्हणजे साडीच ना?"

"साडी अन् वरनं बाप्याचा शर्ट. उसाचं पान कापतंय की अंगाला."

शर्टाचं कापड माझ्याकडं नव्हतं. कपाटात यजमानांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, इस्त्री करून ठेवलेला. तो मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले. मग पाठीच्या खालच्या बाजूनं कात्री लावली.

"कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

"आमच्या घरातल्यांचा."

"त्यांना लागंल की."

"न्हाय लागत आता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. शर्ट शिवून झाला तशी ती बाहुलीचा हात बाहीत घालू लागली.

उन्हाळ्यात तिची आई परतली. बाहुली बघून आधी खूप हसली, मग तिनं ती हातात घेतली.

"काकू, हिला कशाला उसात घातलं? हिला तरी चांगलं ऱ्हाऊ द्या."

तिनं शर्ट काढला, गुलाबी झगा चढवला आणि चिरा पडलेल्या बोटांनी बाहुलीचे केस नीट करत बसली. पोरगी बघत राहिली.

पुढच्या हंगामाला आजी आपल्या लेकीकडं राहायला गेली होती, म्हणून पोरीला सोबतच न्यायचं ठरलं. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला तशी ती ट्रॉलीतून वाकली.

"काकू, दुपारी तुमी कुणासंग बोलताल?"

"मला लई काम पडलंय. बोलायला सवड कुठं हाय?" मी म्हटलं.

ट्रॉली वळणाआड गेली. मी घरात येऊन मशीन पुसली, तेल घातलं. शिवायला त्या दिवशी काहीच नव्हतं.