बिनमोरचुदाची खळ

जोगेश्वरी पूर्वेच्या त्या घरात पाहुणा आला की माधुरीचा नवरा भीमराज भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून एकच विनोद करायचा. "शाई संपली हो मध्येच!" पाहुणा हसायचा आणि माधुरी चहा टाकायला उठायची. विनोद वाईट नव्हता, पण वर्षानुवर्षं तोच ऐकला की कोणताही विनोद जिवावर येतो.

माधुरीची चित्रं तशीच होती म्हणा. खाली कोपऱ्यात नीळ, शाई, बाइंडिंगच्या जुन्या कापडाचा तुकडा, एखादा उसवलेला दोरा. आणि वर सगळं पांढरं. डोंगर म्हणावा तर डोंगर नाही, पाणी म्हणावं तर पाणी नाही.

ही खोड तिला लहानपणी लागली. तिचे वडील अंबादास जालन्याकडून येऊन साकीनाक्याला वह्या-पुस्तकं बांधायचे. वस्तीतल्या विहारात कधीतरी जपानी पाहुणे आले होते. त्यांनी वाटलेल्या कॅलेंडरचं एक पान अंबादासने दुकानात चिकटवलं होतं. तळाशी काळ्या शाईचे चार फटकारे, बाकी नुसतं धुकं.

"बाबा, बाकीचं चित्र कुठंय?" पोरीने विचारलं.

अंबादास पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तेवढंच असतंय ते."

पोरगी त्या पानासमोरून हलेना. तिथेच तिचं वाटोळं झालं, असं तिची आई शेवटपर्यंत म्हणायची.

मोठी झाल्यावर माधुरी मरोळच्या एका खोके छापणाऱ्या कारखान्यात लागली. छापून आलेल्या पुठ्ठ्यावरचा डाग, ओरखडा, सरकलेला रंग शोधायचा आणि पुठ्ठा बाजूला काढायचा, हे तिचं काम. दिवसभर डाग शोधून आलेली ही बाई घरी पांढरं करत बसायची. तिचं पांढरं म्हणजे कोरा कागद नव्हे, हे कोणाला सांगून पटत नव्हतं. पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद घ्यायचे, एकेक थर मैद्याच्या खळीने चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून आतली हवा काढायची, वाळू द्यायचा, मग पुढचा. जपानी लोक असे थर देतात हे ती मोबाइलवर बघून बघून शिकली होती. सगळे थर बसले की त्या पांढऱ्याला आतून उजेड यायचा, तांदळाच्या ताज्या भाकरीसारखा. 'अहो, हे बघा ना,' असं ओरडून सांगावंसं वाटायचं तिला. सांगणार कोणाला?

एकट्या अंबादासने ते ओळखलं. म्हातारपणी लेकीकडे राहायला आला तेव्हा त्याने एका चित्रावरून अंगठा फिरवला. एक बुडबुडा लागला नाही. मग कागद नाकाशी नेऊन वास घेतला.

"मोरचूद नाही टाकलं?"

खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कागदाला कीड लागत नाही, हे बांधणीवाल्याच्या पोरांना पाळण्यातच कळतं. पण मोरचुदाने खळीला हिरवट झाक येते.

"पांढरं राहत नाही मग, बाबा."

"बघ बाई तुझं," म्हातारा म्हणाला. पुन्हा त्याने विषय काढला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. तो गेल्यावर तिने एक चित्र केलं, सगळ्यात पांढरं. भिंतीवर मग तेच राहिलं. आधीची सगळी जुन्या चादरीत गुंडाळून न्हाणीवरच्या माळ्यावर गेली, कारण घर केवढं आणि चित्रं केवढी.

अंधेरीतल्या एका गॅलरीला ती दरवर्षी चित्रांचे फोटो पाठवायची आणि दरवर्षी तिकडून काही उत्तर यायचं नाही. यंदा गणपती गेले आणि फोन आला. स्वरदा नावाच्या गॅलरीवाल्या बाई रविवारी घरी येऊन चित्रं बघणार होत्या. फोन ठेवून माधुरी ओट्याला धरून उभी राहिली. कोणीतरी येऊन तिच्या पांढऱ्यासमोर उभं राहणार होतं. जगाकडून तिला दुसरं काही नकोच होतं.

शनिवारी भीमराजने स्टुलावर चढून गठ्ठा खाली दिला. चादर सोडली तशी चंदेरी कसर सुळकन चहूकडे पळाली. माधुरीने एकेक चित्र उलगडून बघितलं. नीळ होती, शाई होती. बाबांच्या दुकानातले कापडाचे तुकडेही शाबूत होते, त्यांच्या पाठीला मोरचुदाची खळ होती ना. पण वरच्या भागात, जिथे हिची खळ थरावर थर होती, तिथे किडीने पंगत उठवली होती. पांढऱ्याची चाळण झाली होती. एकूण एक चित्र तसंच.

"वाट लागली गं," भीमराज हळूच म्हणाला. विनोद त्यालाही सुचला नाही.

येऊ नका म्हणून सांगायला तिने स्वरदाला फोन लावला, पण तो कोणी उचलला नाही. रविवारी स्वरदा आली, पहिलं चित्र बघितलं आणि लादीवरच बसली.

"माधुरीताई, हे कसं केलंत?"

"मी नाही केलं, मॅडम. कसर लागली. खळीत मोरचूद घालायला हवं होतं, मी घातलं नाही. सगळं गेलं."

"म्हणजे किड्यांनाच काम करू दिलंत? केवढं धाडस आहे हे!" स्वरदाचा आवाज खरंच भरून आला होता. बाई खोटी नव्हती, हेच तर दुखणं. "आणि किती जपानी! झिजण्यातलं, मोडण्यातलं सौंदर्य. फोटोत हे कळलंच नव्हतं."

"इथे पांढरं होतं," माधुरी म्हणाली. "ते दाखवायचं होतं तुम्हाला."

"हो ना! आणि आता नाहीये. तेच तर!"

भिंतीवर उजेडात असल्याने कसरीपासून वाचलेलं ते एकच चित्र माधुरीने काढलं. खिडकीपाशी नेऊन दोन्ही हातांनी उजेडात धरलं. स्वरदाने ते नीट बघितलं, शहाण्या माणसासारखं.

"हे अजून अपुरं आहे ना?"

"पुरं आहे ते," दारातून भीमराज म्हणाला.

त्याचा चेहराच असा होता की स्वरदाला ती थट्टा वाटली. ती हसली. जाताना म्हणाली, की अख्खी एक भिंत देते, फक्त एक चित्र कमी पडतंय. "हेसुद्धा त्यांच्यासारखं करून द्या. सावकाश द्या, घाई नाही."

ती गेल्यावर माधुरी पलंगावर बसून रडली, तोंडावर पदर न घेता, मोठ्याने. भीमराज शेजारी बसला आणि त्याला हात कुठे ठेवावा ते कळेना. मग ती उठली, डोळे पुसले, स्टूल न्हाणीपाशी ओढलं आणि भिंतीवरचं ते चित्र काखेत धरून वर चढली.

"ती चादर द्या इकडे."

"थांब, झटकून देतो."

"नको," माधुरी म्हणाली. "तशीच द्या."

तिने ते पांढरं चित्र चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर पार आत सरकवलं.