गिटारची ओटी

माझ्या गिटारमुळे पळसदरीतली आमची अख्खी आळी एकदा वाऱ्याला आडवी पळालेली आहे. तोपर्यंत मी ती गिटार वाजवलीसुद्धा नव्हती.

मी कर्जतच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी जे काही करते ते कॉलेजात सगळेच करतात, असं घरच्यांना वाटतं. (हा समज मी अजून दूर केलेला नाही.) कॉलेजच्या बँडसाठी शनिवारी निवड होती. मैत्रिणीच्या साध्या गिटारवर मी थोडंफार शिकले होते, पण स्वतःची नव्हती. तेवढ्यात धरणाजवळच्या बंगल्यातले एक आजोबा घर आवरून मुलाकडे राहायला निघाले, आणि शिकवण्यांचे साठवलेले पैसे देऊन मी त्यांची जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली. मधाच्या रंगाची, वयाने माझ्या आईहून मोठी, आतून पूर्ण पोकळ, आणि पोटावर दोन बाजूंना दोन नागमोडी चिरा. आजोबा म्हणाले होते की अशी आता मिळत नाही. मी ते अभिमानाने बाबांना सांगितलं. बाबांनी विचारलं, मिळत नाही तर नवी का नाही घेतली?

गावच्या भजनी मंडळाचं मशीन, म्हणजे अँप्लिफायर आणि साउंडबॉक्स, आमच्याच पडवीत असतं. वायर बरोबर बसली. मी भीत भीत बटण फिरवलं. तारेला अजून बोटही लावलं नव्हतं, आणि गिटारने आपणहून सूर धरला. आधी बारीक, मग मोठा, मग एवढा की पत्रे थरथरले!

(पोकळ गिटारचं असंच असतं, हे मी नंतर वाचलं. बॉक्समधला आवाज तिच्या पोटात शिरतो, तारा हलवतो, परत बॉक्समधून मोठा होऊन येतो, पुन्हा पोटात शिरतो. वाचण्याचं काम मी नेहमी नंतर करते.)

आता बाबा मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत आहेत, आणि त्या दिवशी रात्रपाळी करून आत झोपले होते. कंपनीत त्यांना शिकवलंय की गॅसगळतीचा भोंगा झाला की ओलं फडकं नाकाला लावायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं. बाबांनी झोपेतच पंचा हंड्यात बुडवला, नाकाला लावला, अंगणात मूठभर माती उडवून वारा पाहिला, आणि "आडवं पळा, आडवं!" असं ओरडत आळीतून निघाले. बाबा सहसा ओरडत नाहीत, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. शेजारची सुमनकाकी हातातल्या भाकरीसकट पळाली. पलीकडच्या फार्महाऊसवरचे मुंबईचे पाहुणे धरण फुटलं समजून पळाले. सगळे बांध ओलांडून खळ्यावर जमल्यावर सुमनकाकीने धापा टाकत विचारलं, "भाऊजी, कंपनी मोहोपाड्याला ना? मंग आमी पळसदरीत कशापायी पळतोय?"

बाबांना तेव्हा जाग आली.

ते परत आले तेव्हा मी गिटारला मिठी मारून बसले होते, कारण बटण कुठल्या बाजूला फिरवलं की बंद होतं ते मला आठवत नव्हतं. बाबांनी सरळ मशीनची वायर उपटली. पंचा पिळत ते शांतपणे म्हणाले, "परत एकदा जरी वरडली, तर ज्याची हाय त्याला नेऊन द्यायची. बँड नाय नि फँड नाय."

शनिवारला चार दिवस होते. मी मोबाईलवर शोधलं. बॉक्सकडे पाठ करून उभं राहा, कोन बदला, आवाज हाताने आवरा. आईला मशीनच्या बटणापाशी बसवून मी पडवीच्या प्रत्येक कोपऱ्यात उभी राहून पाहिलं. एकदा तर खिडकीवर चढले. गिटार बारीक कण्हायला लागली की आई घाबरून बटण बंद करी.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना घरी जे घडलं ते मला शनिवारी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. सुमनकाकी आईला म्हणाली की ही ओरडत नाही, रडते. परक्या घरातून आली, तिची ओटी कुणी भरली का? रिकाम्या पोटाने रडणार नाही तर काय? आईला हे पटलं. दोघींनी गिटारला पाटावर ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि रीतसर ओटी भरली. पण पदर नाही, मग भरायची कुठे? चिरा होत्याच. त्यातून ओंजळभर तांदूळ आत गेले. सुपारी गेली, हळकुंड गेलं. नारळ काही जाईना, म्हणून खोबऱ्याचा तुकडा गेला. शेवटी हिरवा खण उलथन्याच्या दांड्याने ढकलत ढकलत आत बसवला.

संध्याकाळी मी गिटार मशीनला लावली आणि ती ओरडली नाही. बाबा दारात परीक्षकासारखे उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला. मी त्या वेळी डावा पाय किंचित पुढे घेऊन ईशान्येकडे तोंड करून उभी होते. साहजिकच मला वाटलं की सगळी किमया त्या पायाची आहे. गिटार हलवली की आतून सळसळ ऐकू येई, पण प्रत्येक जुन्या गिटारचा आपला एक खास आवाज असतो, असं मी वाचलं होतं. तिला हळदीचा वास येई. तोही मी जुनेपणात धरला. मुंग्या लागल्या तेव्हा मात्र मी थोडा विचार केला आणि जागा बदलली.

शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये निवड घ्यायला आमचे अकाउंट्सचे सर होते. ते स्वतः गिटार वाजवतात. माझी गिटार पाहून ते खुर्चीतून उठलेच. या फार ओरडतात, असं म्हणत त्यांनी कान झाकायची तयारी केली. मी वाजवलं. गिटार ओरडली नाही. सरांनी विचारलं, कसं काय आवरलंस? तेव्हा मी, जी वर्गात हजेरी देतानासुद्धा अडखळते, ती सगळ्यांसमोर डाव्या पायाविषयी बोलायला उभी राहिले. वजन कुठे टाकायचं, दिशा कशी ओळखायची, सगळं सांगितलं. ड्रमवाल्या मुलाने पाय पुढे घेऊन पाहिला!

सरांना गिटार किती जुनी आहे ते बघायचं होतं. अशा गिटारच्या आत लेबल चिकटवलेलं असतं म्हणे. त्यांनी मोबाईलचा टॉर्च चिरेला लावला, डोळा लावला, आणि दुसऱ्या चिरेलाही लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "आत कुणी राहतं का?"

त्यांनी गिटार कलती केली. आधी तांदूळ सांडले. मग सुपारी निघाली आणि स्टेजवरून खाली घरंगळत गेली. मग हळकुंड, मग मुंग्यांसकट खोबरं. शेवटी सरांनी हिरवं टोक चिमटीत धरून ओढलं, आणि तो खण येतच राहिला. तो पूर्ण बाहेर आल्यावर सरांनी गिटार पुन्हा मशीनला लावून माझ्या हातात दिली. मी डावा पाय पुढे घेतला. ईशान्य शोधली. गिटार अशी ओरडली की वरच्या मजल्यावरची परीक्षा थांबली.

मी आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "ओटी भरली गं तिची. रडत होती ना." मग तिला संशय आला. "काढली कुनी?"

फोन स्पीकरवर होता. सर पुढे झाले आणि म्हणाले, "ताई, मी काढली. चुकून."

"भरलेली ओटी अशी काढतात व्हय, सर? थांबा तिथंच. मी येतेय."

आई आणि सुमनकाकी टमटम करून आल्या, ताजे तांदूळ आणि नवा खण घेऊन. सरांनी टॉर्च धरला. नुसतं कापड आत घातलं तर चालेल का, असं त्यांनी नम्रपणे विचारून पाहिलं. आई म्हणाली, नुसत्या खणाला ओटी म्हणत नाहीत. शेवटी तडजोड झाली. तांदूळ खणातच गाठ मारून बांधायचे, म्हणजे वाजणार नाहीत. आईने गाठ आत बसवली, गिटारला नमस्कार केला. सरांनी तारा छेडल्या. एवढा गोड आवाज मी त्या गिटारमधून कधी ऐकला नव्हता. (अर्थात, तोपर्यंत ती मीच वाजवत होते.)

सरांनी लगेच निर्णय दिला. गिटार बँडमध्ये हवी. कार्यक्रमाच्या दिवशी आईही हवी, तिच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवू. आईने पदर सावरून होकार दिला.

मी जरा थांबून विचारलं, "सर, आणि माझं?"

सरांनी खरोखर विचार केला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "सराव चालू ठेव. वाजवायला कुणीच मिळालं नाही, तर तू आहेसच की."