उद्याच्या हजेरीवर आजची सही

"उद्या तुम्ही किनवटच्या वसतिगृहाच्या गृहपाल व्हायचं," साहेब म्हणाले.

"साहेब, मी गृहपालच आहे," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि त्यांनाही आठवलं. "अरे हो की! मग तर काहीच अडचण नाही."

नांदेडच्या आमच्या ऑफिसात हे बोलणं झालं तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. मलाही नाही. मला हसू आलं ते रिटायर झाल्यावर, आणि तेही पुरतं नाही.

आधी थोडं समजावून सांगते. सरकारात पद वेगळं आणि माणूस वेगळा. पद एका गावाला मंजूर होतं, माणसाची त्यावर नेमणूक होते, पगारही त्याच पदावरून निघतो. मग एखाद्या दिवशी साहेब एका ओळीचा आदेश काढतात आणि माणूस उचलून दुसरीकडं बसवतात. याला 'तात्पुरती कामगिरी' म्हणतात. पद जागच्या जागी राहतं, पगार जागच्या जागी निघतो, फक्त माणूस तिथं नसतो.

माझं पद होतं किनवट तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. म्हणजे मुलींचं जेवणखाण, आजारपण, अभ्यास, येणंजाणं, सगळ्याची जबाबदारी. आणि मी बसत होते नांदेडला, जिल्हा ऑफिसात, पंख्याखाली. मुलगा दहावीला होता, नवरा अर्धापूरच्या शाळेत मास्तर. एका वर्षापुरतं म्हणून मी अर्ज केला आणि साहेबांनी, म्हणजे आधीच्या साहेबांनी, मंजूर केला. मुलगा दहावी झाला. लातूरला क्लास लावून बारावी झाला. इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागला. माझी तात्पुरती कामगिरी चालूच होती. नऊ वर्षं.

खरी गंमत पुढंच आहे. ऑफिसात मला टेबल मिळालं आस्थापनेचं. कोण कुठं नोकरीला, कुणाची बदली, कुणाची रजा, हे बघणारं ते टेबल. दर महिन्याला मी एक स्टेटमेंट वर पाठवायची: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. किनवटच्या वसतिगृहासमोर मी सुवाच्य अक्षरात लिहायची: मंजूर एक, भरलेले एक, रिक्त निरंक. निरंक म्हणजे काहीच नाही. साधं शून्य लिहिलं तर पुढं कुणी एखादा आकडा चिकटवील, अशी सरकारला धास्ती असते. पद भरलेलं दिसत होतं, मग दुसरी गृहपाल कोण पाठवणार? जागा मी अडवली होती आणि ती अडलेली नाही असा दाखलाही मीच देत होते.

आता तुम्ही विचाराल, मग तिथं मुलींना कोण बघत होतं? गयाबाई. ही तिथली कामाठी. कामाठी म्हणजे वसतिगृहात झाडलोट, पाणी, वरची कामं करणारी बाई. तीही कंत्राटावरची. एजन्सीनं उद्या नको म्हटलं की घरी. पण नऊ वर्षांत गयाबाई हळूहळू गृहपालच झाली होती, फक्त पगार कामाठीचा होता. चाव्या तिच्या कमरेला, मुलींची दुखणी तिच्या डोक्यात. कुणाला कुठल्या डाळीनं पित्त होतं तेसुद्धा तिला पाठ.

तिच्या हातात नव्हती ती फक्त सही. संध्याकाळी सात वाजता प्रार्थना झाली की हजेरी व्हायची, आणि हजेरीच्या वहीत गृहपालची सही लागायची. मग आम्ही एक पद्धत बसवली. महिना संपला की गयाबाई ती वही केळीच्या रिकाम्या खोक्यात घालून किनवट-नांदेड एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची. मी स्टँडवर जाऊन घ्यायची, महिन्याभराच्या सह्या करायची, आणि दुसऱ्या दिवशी खोकं परत. पुढं मला वाटलं, दरवेळी एवढी यातायात कशाला? म्हणून मी 'सर्व मुली हजर' असा रबरी शिक्का करून घेतला आणि एका बैठकीत मागच्या महिन्याच्या सह्यांबरोबर पुढच्या महिन्याच्याही करून टाकायला लागले. कुणी मुलगी गावाला गेली तर गयाबाई बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायची. कामाचा उरक म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटायचं. खोटं कशाला सांगू?

अशात जिल्ह्यात तपासणीला एक समिती यायची ठरली, आणि तिच्या पंधरवडाभर आधी गयाबाईचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पंधरा दिवस हवे होते. लेकीचं पहिलं बाळंतपण, लेक रेणापूरला दिलेली, सासू नाही. मी टिपणी लिहिली: 'पर्यायी व्यवस्था नसल्याने रजा मंजूर करता येत नाही.' साहेबांनी सही केली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, न्हाई म्हनले म्हनं?"

"गयाबाई, तिथं दुसरं कुणी नाही ना. पोरींना वाऱ्यावर कसं सोडायचं?"

"तेच म्हनून राहिले मी. तुमी येऊन बसता का पंधरा दिस? तुमचंच तर हाय हे."

ती टोमणा मारत नव्हती. अगदी सरळ विचारत होती. मी म्हणाले, समिती यायचीय, इथं काम फार आहे.

"हाव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. रजा नसताना गेली असती तर एजन्सीनं तिच्या जागी दुसरी बाई लावली असती. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

समिती म्हणजे विधिमंडळाची. आमदार मंडळी येतात, सरकारी कारभार प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघतात. कुठं किती माणसं आहेत, कामावर आहेत का, पगार कुठून निघतो आणि काम कुठं होतं, असलं सगळं. मंगळवारी कळलं की त्यांनी आपणहून निवडलेल्या गावांत आमचं वसतिगृह आहे आणि बुधवारी ते तिथं पोचणार. म्हणून ते सुरुवातीचं बोलणं. लगेच जीपमध्ये बसून मी माझ्या स्वतःच्या नोकरीच्या ठिकाणी निघाले. जाताना ड्रायव्हरला रस्ता विचारावा लागला.

वसतिगृहाच्या भिंतीवर माझं नाव ताज्या रंगात होतं. गृहपाल, श्रीमती वाघमारे. माझ्या क्वार्टरमध्ये जादा गाद्या आणि कांदे ठेवलेले होते. गयाबाईनं मला ओसरीत बसवलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ढ पोरीची तयारी करून घ्यावी तशी तयारी करून घेतली.

"ही कोठीची चावी. ही औषधाच्या कपाटाची. ही कशाचीच न्हाई, पन राहू द्या, जुडगा भरल्यासारका दिसतो. आन ती वेणीवाली सखू, तिला फिट येते, तिच्याकडं बघून बोलू नगा, ती घाबरती."

मी सगळं कागदावर लिहून घेत होते. मधेच तिला विचारलं, "लेकीची तारीख कधीची?"

"पुढच्या सोमवारची देली हाय डॉक्टरनं." एवढंच बोलून ती पुन्हा चाव्यांकडं वळली. मला मान वर करवेना.

बुधवारी अकरा वाजता गाड्या आल्या. समितीच्या अध्यक्षा म्हणजे वयानं मोठ्या, सुती साडीतल्या आमदारबाई. सगळे त्यांना ताई म्हणत होते. ओरडणं नाही, मिरवणं नाही. असं माणूस आलं की ऑफिसला जास्त भीती वाटते.

"कोठी उघडा," ताई म्हणाल्या.

माझ्या कमरेला जुडगा होता. पहिली चावी लागेना. दुसरी लागेना. तिसरी तर ती कशाचीच नसलेली. मागून गयाबाई खोकली, मी चौथी धरली, ती परत खोकली, पाचवी लागली. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. कोठी चोख होती. औषधाचं कपाट चोख होतं. ताई खूश दिसल्या आणि साहेब सैल झाले.

"हजेरीची वही?"

तीही चोख. ताईंनी जिभेला बोट लावत पानं उलटली. "अक्षर छान आहे हो मॅडम तुमचं. आज वार काय?"

"बुधवार," मी म्हणाले.

"मग गुरुवारी संध्याकाळी सगळ्या मुली हजर आहेत, हे तुम्हाला आजच कसं कळलं?"

मी वहीत पाहिलं. शिक्का, सही. शिक्का, सही. शुक्रवार, शनिवार, रविवार, थेट महिनाअखेरपर्यंत. उरकाच्या भरात केलेलं माझं काम माझ्याकडंच बघत होतं.

साहेब पुढं झाले. "ताई, वही कामाठीच्या ताब्यात असते. ह्या बाईनंच शिक्के मारून ठेवले असणार. आजच एजन्सीला कळवतो. काढून टाकू."

सगळ्यांनी गयाबाईकडं पाहिलं. तिनं पदर ओढून घेतला आणि खाली बघितलं. साहेबांसमोर खरं बोललं तर माझी नोकरी जाते आणि गप्प बसलं तर तिची, हे तिला कळत होतं. तरी ती गप्प बसली. नऊ वर्षांत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"सह्या माझ्या आहेत," मी म्हणाले. "शिक्काही माझा. मी इथं नसते. नांदेडला असते."

"वाघमारे मॅडम..." साहेब म्हणाले.

"साहेब, आता राहू द्या."

ताईंनी वही मिटली. "मग हजेरी कोण घेतं?"

रांगेतल्या सगळ्या मुलींनी एकदम गयाबाईकडं मान वळवली. ताईंना वेगळ्या उत्तराची गरजच उरली नाही. त्या गयाबाईजवळ गेल्या. "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

सगळ्यांना वाटलं, आता ती कमी पगाराचं सांगेल, कामाचं सांगेल. मला वाटलं, माझं सांगेल.

"पंधरा दिस सुट्टी द्या," गयाबाई म्हणाली. "लेकीचं पैलं बाळंतपण हाय, रेणापूरला. दुसरं काय न्हाई."

"अर्ज केला होता?"

"केला व्हता. पर्यायी न्हाई म्हनले."

ताईंनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी फाइलमध्ये पाहिलं. फाइलमध्ये माणूस नव्हता.

"मी थांबते," मी म्हणाले. "पद माझंच आहे."

जुडगा कमरेवरच होता, त्यामुळं चार्ज घेणं सोपं गेलं. समितीतल्या एकानं मोबाइलवर वहीच्या पानांचे फोटो काढले, ताईंनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि गाड्या पुढच्या गावाला गेल्या. गयाबाई दुपारच्या एसटीनं निघाली. बसमध्ये चढेपर्यंत मला सांगत होती, सखूची गोळी जेवल्यावर, जेवायच्या आधी न्हाई.

पुढचं थोडक्यात. मला मेमो आला, चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली. बरोबरच होतं. जिल्ह्यातल्या सगळ्या तात्पुरत्या कामगिऱ्या रद्द झाल्या आणि ऑफिसात अचानक खुर्च्या मोकळ्या दिसायला लागल्या. साहेबांची बदली झाली लातूरला. ती ते तीन वर्षांपासून मागतच होते. मी रिटायर होईपर्यंत किनवटलाच राहिले. गयाबाईची लेक सुखरूप सुटली, मुलगी झाली. गयाबाई मात्र कंत्राटावरच राहिली. तिचं पद कायम करण्याचे प्रस्ताव मी दरवर्षी पाठवले आणि दरवर्षी उत्तर आलं, निरंक.

नव्यानं नोकरीला लागलेली पोरं कधी सल्ला विचारतात. मी सांगते, रिकामी जागा रिकामी लिहा. साहेब रागावतील, पण त्या ओळीच्या पलीकडं कुणीतरी सुट्टी मागत बसलेलं असतं.

त्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता प्रार्थना झाली. मी वही उघडली. आजच्या तारखेसमोर शिक्का होता, सर्व मुली हजर, आणि खाली माझी सही. नव्यानं सही करायला जागाच नव्हती. पेन हातात धरून मी बसले होते तेवढ्यात फोन वाजला. नांदेडच्या स्टँडवरून गयाबाई बोलत होती. मागं लातूर गाडीची घोषणा चालू होती.

"मॅडम, पोरी सगळ्या हायत ना?"

वही समोर उघडीच होती. सगळ्या हजर, माझ्याच सहीनं.

"थांबा," मी म्हणाले आणि वही मिटून उठले. "मोजून सांगते."