काकींसाठी केलेला नवस

काकी वाचाव्यात म्हणून मी आमच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताला मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलले, तो मायेपोटी नव्हे. त्या तशाच गेल्या असत्या तर माझा सूड राहून गेला असता. मंडळींनी माझं फार कौतुक केलं आणि मी ते खाली मान घालून घेतलं. आता लिहायलाच बसले आहे तर खरं तेच लिहिते.

भंडाऱ्याजवळच्या कारखान्यात नोकरीला म्हणून आलेली आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी; मोजकीच घरं. सिनेगॉग नाही, शनिवारची शब्बाथची प्रार्थना काकींच्या हॉलमध्ये; त्या वयाने मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच काकी. नातेवाईक कोकणात नाहीतर मुंबईत, त्यामुळे इथे आम्हीच एकमेकांचे. बाळंतिणीला डबा कोणी द्यायचा, दवाखान्यात कोणी बसायचं, हे काकी ठरवायच्या आणि ते चोख व्हायचं. मयत झालेल्या घरी सात दिवस चूल पेटत नाही. घरचे जमिनीवर बसतात, जेवण दुसऱ्यांकडून येतं. पहिल्या जेवणात उकडलेली अंडी असतात.

आई गेली तेव्हा अंडी काकींच्याच घरून आली. दुसऱ्या दिवशी साकोलीकडून धाकटी बहीण आणि तिचा नवरा आले. तो तिकडच्या तलावावर मासेमारी आणि थोडी धानशेती करणाऱ्या घरातला, हिंदू. लग्न झाल्यापासून काकींनी बहिणीचं नाव टाकलं होतं. तो आला, आमच्यासारखाच खाली बसला. येताना रोहू आणला होता. बिनखवल्याचा मासा आम्हाला चालत नाही, हे त्याने लक्षात ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी डबा आला नाही. मी फोन केला तर काकी म्हणाल्या, तुमच्याकडे आता जावई आलाय, त्याच्या हातचं जेवा. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. एक जेवण चुकलं म्हणून आम्ही काही मरणार नव्हतो. पण मला धास्ती बसली. बाबा थकलेले. उद्या त्यांचं काही झालं आणि ही माणसं आलीच नाहीत तर? मी बहिणीला मागच्या अंगणात नेलं आणि सांगितलं, काकींचा निरोप आहे, तुम्ही दोघं निघा.

असा निरोप त्यांनी दिलाच नव्हता. तो मी बनवला.

बहीण वाद न घालता गेली. सकाळची एसटी धरली त्यांनी. दुपारी डबा आला आणि मी जेवले. डाळ चांगली झाली होती, हेसुद्धा मला आठवतं. पुढे बाबा गेले तेव्हा सगळे आले, काकी सगळ्यांत आधी. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले आणि मनात त्यांना शिव्या दिल्या. माझं मला पाहवत नव्हतं, त्यापेक्षा त्यांचा राग करणं बरं पडायचं.

मग काकींना पक्षाघात झाला. त्यांच्याजवळ बसायच्या पाळ्या लागल्या तेव्हा मी इतरांच्याही पाळ्या मागून घेतल्या. पेज भरवताना चमचा ओठाशी धरायची आणि तोंड उघडायची वाट बघायची. वाटायचं, कर आता कोणाचा डबा बंद. डॉक्टर आशा सोडल्यासारखं बोलले त्या दिवशी मी सगळ्यांसमोर नवस बोलले. काकी हळूहळू उठल्या.

मलिदा माझ्या घरी ठेवला. बहिणीला आणि जावयाला बोलावलं, पोहे त्यांच्याच धानाचे आणायला सांगितले. वाढणार बहीण. काकींना नाही म्हणता येणार नव्हतं, त्यांच्याच जिवाचा नवस होता. सगळ्यांच्या देखत त्यांनी तिच्या हातचं खायचं, आणि मी समोर बसून त्यांचं तोंड बघायचं.

काकी काठी टेकत आल्या. पुरुषांनी प्रार्थना म्हटल्या. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वरून गुलाबाच्या पाकळ्या. बहीण परात घेऊन उठली. काकींनी वाकडा झालेला हात पुढे केला, खाल्लं, सावकाश चावलं.

"तुझी माय गेली तवा उठून गेलीस काहून, पोरी?" त्या म्हणाल्या. "डबा मी थांबवला, ते मीच केलं. पण जा म्हणून मी नाही म्हटलं."

बहीण परात सावरत म्हणाली, "मले माहीत हाये, काकी. ताई खोटं बोलली का पायाकडं पाहते."

कोणीतरी हसलं. मी पायाकडेच पाहत होते.

"मंग इतके वर्ष बोलली काहून नाही?" काकींनी विचारलं.

"बोलली असती तर ताई रडली असती. मंग मले तिले माफ करावं लागलं असतं."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. जावई खिडकीबाहेर बघत राहिला. काकींना मी अजूनही माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी त्या आपलं केलेलं बोलून मोकळ्या झाल्या. त्यांनी आणखी थोडा मलिदा मागितला. बहिणीने तो हाताने भरवला आणि परात माझ्या पुढून शेजारच्या बाईंकडे नेली.

नवस माझा होता. मलिदा मला मागून घ्यावा लागला.