मंगल मॅडमचं नाव नसलेला प्लॅन

“हे पान काढा,” आप्पा म्हणाले.

प्लॅन बत्तीस पानांचा होता. त्यातलं एकविसावं पान त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. शेजारी हेडसर बसले होते, पण ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते. मी विचारलं, का काढायचं? आप्पांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि शाळा कशी उभी राहिली ते पहिल्यापासून सांगायला लागले. मुद्द्याला उत्तर नसलं की आप्पा इतिहास सांगतात, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं.

आधी थोडं माझ्याविषयी. मी बेळगावची. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत एकवीस वर्षं काढली. आईच्या आजारपणात टिळकवाडीतल्या घरी आले ती इथंच राहिले. आता शाळांना टेक्नॉलॉजी प्लॅन करून देते. म्हणजे शाळेला कॉम्प्युटर, स्मार्ट बोर्ड, इंटरनेट कशासाठी हवं, कुठल्या वर्षी काय घ्यायचं, ते कोण वापरणार आणि बिघडलं तर कोण बघणार, हे तीन वर्षांसाठी लिहून काढायचं. ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक शाळा काय घ्यायचं ते आधीच ठरवून बसतात आणि ते का घ्यायचं हे लिहायला मला बोलावतात.

ही शाळाही तशीच. येळ्ळूरच्या पलीकडच्या एका गावातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल. आप्पा तिथले चेअरमन. गावातले जे लोक मुंबईला जाऊन स्थिरावले, त्यांचं एक मंडळ आहे. ते शाळेला आठ स्मार्ट बोर्ड देणार होते. बोर्डात धड्यांचे तयार व्हिडिओ भरून मिळणार होते. मंडळाची अट एकच होती, आधी लेखी प्लॅन द्या.

माझ्या कामाची पहिली पायरी असते नीड्स असेसमेंट. साध्या भाषेत, शाळेत आज काय चालतं आणि कुठं अडतं ते बघणं. मी दोन आठवडे जात होते. कॉम्प्युटर लॅबला कुलूप होतं. ते उघडलं तेव्हा यूपीएस मेलेला निघाला आणि अकरापैकी चार कॉम्प्युटर सुरू झाले. दुपारी करंट जायचा तो तासभर यायचा नाही. हे सगळं मी लिहून घेतलं. असल्या गोष्टी लिहायला मला आवडतं, कारण त्यात माझी हुशारी दिसते.

तिसऱ्या दिवशी मंगल मॅडम भेटल्या. आठवी ते दहावीला सायन्स शिकवायच्या. अकरा वर्षं झाली होती, पण टेंपररी. शाळा अनुदानित असली तरी रिटायर झालेल्या मास्तरांच्या जागा भरल्याच जात नाहीत, मग संस्था स्वतःच्या पैशातून पगार देऊन कुणाला तरी ठेवते. त्या तशा ठेवलेल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या लॅबची खिडकी लावून घेत, मोबाईल डस्टरच्या डब्याला टेकवत आणि उद्याचा धडा बोलून रेकॉर्ड करत. सहा-सात मिनिटांचा एक. त्यापेक्षा मोठा पाठवला तर पोरांच्या घरचा नेट संपतो, असं त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढं घरात फोन किती वाजता मोकळा असतो ते लिहिलेलं. कुणाचे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत, त्यांची पाळी सुटली की फोन घरी. कुणाची आई भांगलणीला जाते, फोन तिच्याबरोबर शेतात. त्या वेळेप्रमाणे मॅडम व्हिडिओ पाठवायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर पाच प्रश्न विचारायच्या. व्हिडिओत प्रत्येक शब्द मराठीत सांगून शेजारी इंग्लिश शब्द लिहायच्या, कारण दहावीनंतर कॉलेजात सगळं इंग्लिशमधून येतं आणि मराठी शाळेतलं पोर तिथं गप्प बसतं.

मी ती वही चाळली आणि मला माझ्या लॅपटॉपची लाज वाटली. ज्याला मी नीड्स असेसमेंट म्हणत होते ते या बाईनं तीन वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. प्लॅनचा निम्मा भाग तिथंच ठरला. आठ बोर्ड नकोत, दोन पुरेत. लॅबला चांगले यूपीएस. मंगल मॅडमना शाळेची टेक्नॉलॉजी कोऑर्डिनेटर करायचं, त्यांची नोकरी तीन वर्षांसाठी लेखी पक्की करायची, आणि त्यांचे व्हिडिओ हेच शाळेचं कंटेंट. मी त्यांना हे सांगितलं.  दुसऱ्या दिवशी त्या घरून डब्यात माझ्यासाठी भाकरी घेऊन आल्या.

आता ते एकविसावं पान. आमच्या धंद्यात कंटेंट मॅपिंग म्हणतात. एका बाजूला पुस्तकातला धडा, दुसऱ्या बाजूला बोर्डातला व्हिडिओ, दोन्ही जुळतात का ते बघायचं. मंडळ जे बोर्ड देणार होतं त्यातले व्हिडिओ महाराष्ट्राच्या पुस्तकांवरचे होते. शाळा मराठी असली तरी ती कर्नाटकात आहे. पुस्तक मराठीत छापलेलं, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा आणि दहावीचा पेपरही कर्नाटकाचाच. मी मंगल मॅडमना शेजारी बसवून धडे लावून बघितले. गुरुत्वाकर्षण तिकडं दहावीला, इकडं नववीला. ओहमचा नियम तिकडं नववीला, इकडं दहावीला. काही धडे बोर्डात होते पण पेपरात येणार नव्हते, काही पेपरात येणार होते पण बोर्डात नव्हते. मी खाली स्पष्ट लिहिलं, हे कंटेंट या शाळेच्या दहावीसाठी घेऊ नये.

आप्पांनी इतिहास संपवला आणि पानावर बोट ठेवलं. “या एका पानावर तुम्ही किती वेळा कर्नाटक लिवलंय बगा. मंडळाची माणसं हे वाचणार. त्यांनी कशासाठी देऊ केलंय हे? आमच्या पोरांनी महाराष्ट्राचं शिकावं म्हणून.”

“पण पेपर कुणाचा आहे, आप्पा?”

“पेपराचं काय सांगताय आक्का. आज हाय, उद्या न्हाय. आम्ही जन्म घातला यात.”

खरंच घातला होता. सीमा चळवळीत आप्पांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. माझे सख्खे काका त्याच चळवळीत होते, त्यामुळं या माणसाची टिंगल करायची माझी छाती नाही. आपलं गाव महाराष्ट्रात जायला हवं होतं असं मलाही वाटतं. पण गाव अजून गेलेलं नाही आणि दहावीची परीक्षा दर वर्षी होते. मंडळानं एकदा दाखवायला आणलेल्या बोर्डातून आप्पांनी मुंबईचा मराठी आवाज वर्गात घुमताना ऐकला होता. त्यांचे डोळे भरून आले होते, असं हेडसरांनी मला नंतर सांगितलं. त्या आवाजापुढं माझा तक्ता टिकणार नव्हता.

मंगल मॅडमच्या नावालाही आप्पांची हरकत निघाली. एका टेंपररी बाईच्या मोबाईलवरचं बघायला मंडळ कशाला येईल, असं ते म्हणाले. नाव काढा, नुसतं कोऑर्डिनेटर लिहा, बाईच्या नोकरीचं मी बघतो, माझा शब्द. हेडसर तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होते. त्यांना रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं.

इथं मी उठून जायला हवं होतं. मी उठले नाही. मी मधला मार्ग काढला, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. एकविसावं पान काढलं नाही, परिशिष्टात टाकलं. परिशिष्ट म्हणजे प्लॅनच्या शेवटी जोडलेली पानं. तिथं काय आहे हे लिहिणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतं. दोन बोर्डांचे आठ केले. मंगल मॅडमच्या जागी कोऑर्डिनेटर लिहिलं. मंडळाला प्लॅन चमकदार वाटावा म्हणून पहिल्या पानावर फायद्यांमध्ये एक वाक्यही घातलं: ‘डिजिटल पाठांमुळे शिक्षकांच्या अध्यापन तासांत लक्षणीय बचत होईल.’ हे वाक्य मी प्रत्येक प्लॅनमध्ये घालायचे. त्याचा अर्थ काय, हे मी कधी थांबून बघितलं नव्हतं.

प्लॅन दिला त्या दिवशी मंगल मॅडम गेटपर्यंत आल्या. “मॅडम, माझं नाव हाय न्हवं त्यात?”

“पद आहे,” मी म्हणाले. “प्लॅनमध्ये नाव लिहायची पद्धत नसते.”

हे खोटं होतं. पद्धत वगैरे काही नसते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि बोर्ड आले. उद्घाटनाला मुंबईहून मंडळाची माणसं आली. फेटे बांधले, शाल-श्रीफळ झालं. दहावीच्या वर्गात बोर्ड लावून दाखवला. दहावीचा पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण. आवाज खणखणीत, चित्रं सुंदर. टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “हे तर गेल्या वर्षी झालंय की गं.” शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. मंगल मॅडम मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी बोर्डाकडे बघत राहिले. नंतर माझाही सत्कार झाला.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. संस्थेनं त्यांना कार्यमुक्त केलं होतं. पत्र मराठीत होतं, त्यांनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. मंजूर टेक्नॉलॉजी प्लॅननुसार डिजिटल पाठांमुळे शिक्षकांच्या अध्यापन तासांत लक्षणीय बचत होत असल्याने आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही. माझं वाक्य संस्थेनं जवळजवळ जसंच्या तसं उचललं होतं. सायन्सचे तास गणिताच्या सरांकडे दिले, बोर्ड होताच मदतीला. कोऑर्डिनेटर म्हणून बोर्ड बसवणाऱ्यांचाच एक माणूस महिन्यातून एकदा येऊन पडदे पुसून जाणार होता.

मी तडक आप्पांकडे गेले. शब्दाची आठवण करून दिली. आप्पा शांतपणे म्हणाले की कमिटीत विषय निघाला, सगळ्यांनी प्लॅन वाचला होता, त्यांचा नाइलाज झाला. मी म्हणाले, मी असं कुठं लिहिलंय? त्यांनी पहिलं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मला संताप आला, पण तो आप्पांवर काढायला जागाच नव्हती.

पुढं जे व्हायचं ते झालं. दहावीचं विद्युत सुरू झालं तेव्हा ओहमचा नियम दहावीच्या वर्गातल्या बोर्डात सापडेना, तो नववीच्या वर्गातल्या बोर्डात होता. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मग गणिताचे सर दहावीला घेऊन जिना चढत आणि नववीची पोरं खाली येऊन बसत. आठ दिवस ही वरात सगळ्या शाळेनं बघितली. सर वाईट नव्हते. पण सायन्स त्यांचा विषय नव्हता, आणि जे बोर्डावर नाही ते घरी वाचा, एवढंच ते सांगू शकत होते. मंगल मॅडमना शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं होतं. त्यांचे जुने व्हिडिओ ज्यांच्या फोनात राहिले त्यांच्याकडे राहिले.

मे महिन्यात निकाल लागला. मंगल मॅडमच्या अकरा वर्षांत सायन्समध्ये दर वर्षी एखाददुसरं पोर नापास व्हायचं. या वेळी नऊ राहिले. उद्घाटनाला शेजारणीशी बोलली होती ती मुलगीही राहिली. पुरवणी परीक्षेला तिला घरच्यांनी बसवलं नाही, काजूच्या कारखान्यात पाठवलं. नव्या वर्षी आठवीच्या अॅडमिशनला गावातली बरीच माणसं फिरकलीच नाहीत, पोरं बेळगावच्या इंग्लिश शाळांच्या बसमध्ये बसली. आप्पांना ते निकालापेक्षा जास्त लागलं. मराठी शाळा त्यांच्याच हातून रिकामी होत होती आणि हे त्यांना कळत होतं.

एका रविवारी त्यांनी मला फोन केला. मंगल मॅडमकडे जाऊया, म्हणाले. आम्ही दोघं गेलो. मॅडम तोवर शहराच्या बाजूला एका इंग्लिश शाळेत तिसरीला शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. आप्पांनी फार वेळ लावला नाही.

“चुकलं आमचं, बाई. परत या.”

“न्हाय आप्पा,” त्या म्हणाल्या. “पोरांनी घरी यावं, मी शिकवीन. शाळंत न्हाय येत.”

आप्पांनी आग्रह केला, लेखी देतो म्हणाले. मॅडमनी नकारार्थी मान हलवली.  शेवटी मी म्हणाले, मॅडम, मला माफ करा, मी तसं लिहायला नको होतं. त्यांनी माझा रिकामा कप उचलला.

“तसं न्हाय मॅडम. तुम्ही लिवता लई चांगलं. सगळ्यांना पटलं की.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता मी प्लॅनची सुरुवात शाळेत काय नाही यापासून करत नाही. काय चाललंय आणि कोण चालवतं ते आधी लिहिते, नावासकट. कुणी ते नाव काढा म्हणालं की मी फाइल उचलून घरी येते. यापायी गेल्या वर्षी दोन शाळांची कामं गेली. शिकण्यासारखं होतं ते मी शिकले. मंगल मॅडम अजून तिसरीलाच शिकवतात.