जेवणाच्या टेबलावरचा डोंगर

भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमची सहल हिमालयाच्या पायथ्याशी गेली होती. तिथल्या एका कड्यात जुने खडक वर होते आणि नवे खाली. त्याच्याही खाली पुन्हा तोच क्रम, जणू कौलं एकावर एक सरकवली होती. एवढा दगड सरकला कसा, असं मी आमच्या मॅडमना विचारलं. चेन्नईला घरी गेल्यावर वाळू ढकलून बघ, असं त्या म्हणाल्या. मला ती थट्टा वाटली, पण त्या गंभीर होत्या.

बाबा नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये त्यांचा वेळ जात नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंना काचा असलेली लांबट पेटी बनवून जेवणाच्या टेबलावर ठेवली. तिच्या एका टोकाची फळी स्क्रू फिरवला की पुढे सरके. मैलापूरच्या बाजारातून मी कोलमचे, म्हणजे तिथल्या रांगोळीचे, रंग आणले, वाळूत कालवले आणि पांढरे-तांबडे थर पसरले.

पहिला प्रयत्न फसला. दमट हवेने वाळूची ढेकळं झाली होती. मग आईने कुरकुरत का होईना, सगळी वाळू कढईत कोरडी करून दिली.

पुन्हा थर लावले. बाबांनी सावकाश स्क्रू फिरवला. फळीपाशी वाळू फुगली, तांबडी रेघ तिरकी तुटली आणि मागचा तुकडा पुढच्यावर चढला. मी बाबांचा दंड घट्ट धरला. पण पुढच्या भेगाही तिथेच एकमेकींना लागून पडल्या आणि फळीला टेकून नुसता उभट ढीग झाला. हिमालयात तर अशा रांगा दूरवर पसरल्या होत्या.

मॅडमना फोन केला. तळ खरखरीत असेल, त्या म्हणाल्या. डोंगराखाली चिखलाच्या दगडाचा किंवा मिठाचा मऊ थर असला, तर वरचे खडक त्यावरून लांब घसरत जातात. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात बारीक काचेचे मणी घालतात. ते गोल, गुळगुळीत असल्याने वाळू त्यांच्यावरून सहज घसरेल, म्हणून ते मिळवून मी तळाशी अंथरले.

या वेळी पहिली भेग पडल्यावर बाबा थांबले.

"आता कुठे तुटेल, सांग."

मी काचेवर बरंच पुढे बोट ठेवलं.

"इतक्या लांब?"

"फिरवा तर खरं."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या बोटाच्या जरा पुढे सपाट वाळू हळूच वर आली आणि तांबडी रेघ तुटली. बाबा काचेला नाक लावून बघत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले की आता आणखी पुढची बघू. तीही आली, तितकंच अंतर सोडून. पेटीत बुटका, लांब पसरलेला डोंगर तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम शेअर ऑटोने घरी आल्या. त्यांनी सगळं पुन्हा करायला लावलं आणि भेगा पुन्हा तशाच पुढे पुढे पडत गेल्या. त्या म्हणाल्या, "प्रबंध याच्यावर लिही. आणि पुढे संशोधनच कर."

मी तर एम.एस्सी.नंतर नोकरी धरायची म्हणून बँकेच्या परीक्षांची तयारी करत होते. बाबांकडे पाहिलं, तर ते पुढच्या खेपेसाठी वाळू चाळायला बसलेही होते. मी हो म्हणाले.