मुसल्लमच्या खिशातली पिन

वाळवंटाच्या कडेच्या बिदिया गावात वाळूवर उडवायच्या चारचाकी बाइक पन्नासेक तरी असतील. त्यातल्या निम्म्यांची पुढची चाकं मुसल्लमने रुंद, म्हणजे एकमेकांपासून लांब, करून दिलेली. अशी बाइक नवी येते तेव्हा पुढून अरुंद असते. टेकाडाच्या उतारावर आडवी घातली की कधी कलंडेल सांगता येत नाही. मुसल्लम चाकांना धरणारे जुने आर्म काढून टाकतो, दोन्ही बाजूंना त्यांच्याहून दोन-दोन इंच जास्त लांब आर्म बसवतो, त्यांना जुळणारे शॉक, लांब ब्रेकपाइप, स्टिअरिंगचे लांब दांडे. मग सीटवर उंटांच्या चाऱ्याची पोती चढवतो, स्वाराच्या वजनाएवढी, आणि दोरी ताणून चाकं सरळ आहेत का बघतो. रिकाम्या गाडीचं माप घेणाऱ्याला तो तोंडावर मूर्ख म्हणतो. कुणी सायलेन्सरचा आवाज वाढवून मागितला, तर म्हणतो, "आवाज मयताला पण होतो. आधी पुढचं करून घे."

माणूस तिरसटच. पण हे वेड त्याला उगाच लागलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याचा पुतण्या सुहैल काकाचीच बाइक घेऊन टेकाडावर गेला. बाइक अरुंद होती, तशीच्या तशी, दुकानातून आणलेली. ती उलटली आणि सुहैल तिच्याखाली सापडला. एकोणीस वर्षांचं पोर. किल्ली मुसल्लमच्या दारामागच्या खिळ्याला असायची, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. दफन झाल्यावर सुहैलचा बाप, म्हणजे मुसल्लमचा थोरला भाऊ रशूद, एक शब्द बोलला नाही. उंटांचा तळ त्याने गावाच्या पलीकडे हलवला आणि धाकट्याच्या दारात पाऊल टाकणं बंद केलं. मशिदीत दोघे एका रांगेत उभे राहायचे, सलाम व्हायचा, तेवढंच. मनावर घेतलं की आमच्याकडची माणसं फार चिवट.

त्या शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर मुसल्लम हारिबची बाइक करत होता. हारिब हा त्याच्या बायकोचा, झयानाचा, धाकटा भाऊ. दोन जुळ्या मुलींचा बाप झाला तरी पोरकटपणा गेला नव्हता. सगळं बसवून झालं होतं. दोरीचं माप जुळेना म्हणून मुसल्लमने डावीकडचा स्टिअरिंगचा दांडा सोडवून परत लावला, पोती उतरवली, नट बोटांनीच फिरवला आणि तो अडवायची पिन ओठांत धरली. एवढ्यात अंगणात गाडी थांबली. रशूद उतरला.

मुसल्लमने ओठांतली पिन खिशात टाकली, हात धुतले आणि पुढे गेला. नाकाला नाक लावून भेट झाली. झयानाने आतून खजूर आणि कॉफीची किटली पाठवली. कुणी कशाला आलात विचारलं नाही. तसं विचारायचं नसतंच. पाहुणा बसतो, पहिला कप घेतो आणि खबर सांगायला लागतो. आधी पाऊस, मग जनावरं, मग आजारी माणसं, लग्नं, मयतं. खरं काम शेवटी येतं. खबर चालू असताना यजमान उठत नाही. उठला, तर तुझं बोलणं मला नको, असा त्याचा अर्थ होतो, आणि त्यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्यात.

"कोरड्या नदीच्या वरच्या अंगाला पावसाचे शिंतोडे पडले," रशूद म्हणाला. "करड्या उंटिणीला मादी झाली."

"बरं झालं, दादा."

"म्हाताऱ्या हमदानच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय."

मुसल्लम मान हलवत होता. नऊ वर्षं तो याच बोलण्याची वाट बघत होता. भाऊ अडखळत होता, म्हणजे शेवटी काहीतरी मोठं होतं. आणि तेव्हाच बाहेर बाइक सुरू झाली. हारिब न विचारता घेऊन निघाला होता. आवाज टेकाडाकडे गेला.

मुसल्लमचा हात खिशात गेला. पिन बोटांना टोचली.

हारिबचा फोन समोरच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला दिसत होता. रशूद कुठल्याशा लग्नाचं सांगत होता.

"दादा," मुसल्लम उठून उभा राहिला. "मला जायला पाहिजे."

रशूदने मान वर केली. "माझी खबर संपलेली नाही."

"माहीत आहे. त्या बाइकचा नट मी सैल सोडलाय."

मुसल्लम चपला न घालताच पळाला. दारातून झयाना ओरडली, "अहो, पाहुणे बसलेत," पण त्याची पिकअप निघून गेली होती.

टेकाडाच्या पायथ्याशी पाच-सहा गाड्या होत्या. हारिब बाइकवर बसून हेल्मेटचा पट्टा बांधत होता. मुसल्लमने पिकअप नेऊन त्याच्या बाइकसमोर आडवी घातली.

"काय दाजी, अनवाणी? ताईने हाकललं वाटतं."

"खाली उतर, गाढवा."

नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. मुसल्लम पाना आणायलाही विसरला होता. कुणाच्या तरी गाडीतून मागून घेतला, नट आवळला, पिन घातली, तिची टोकं वाकवली. हारिब वाकून बघत होता. त्याला कळलं तेव्हा तो मटकन वाळूवर बसला.

"मी विचारायला पाहिजे होतं, दाजी."

"मी पिन घालूनच उठायला पाहिजे होतं," मुसल्लम म्हणाला. "आता जा. पुढून रुंद आहे, भिऊ नकोस."

परतताना त्याने गाडी हळू चालवली. घाई कशाची करायची? दादा गेला असणार, आणि आता पुन्हा येणार नव्हता. जे झालं ते दुसऱ्यांदा झालं असतं तर जास्त वाईट, असं त्याने स्वतःला समजावलं.

अंगणात रशूदची गाडी तशीच होती. तो बैठकीत बसला होता, त्याच जागी. कप हातात होता. कॉफी बस झाली की आमच्याकडे पाहुणा रिकामा कप हलवतो आणि परत देतो. रशूदने तो हलवला नव्हता.

"घट्ट झाला?"

"झाला."

"मग बस. खबर राहिलीय." मुसल्लम बसला. रशूद कपात बघत राहिला. "त्या दिवशी सुहैलने मला विचारलं होतं. काका घरी नाही, गाडी नेऊ का, म्हणून. मी म्हटलं, ने की, किल्ली दारामागे आहे. मी सांगितलं त्याला. नऊ वर्षं लोकांना तुझ्याकडे बोट दाखवू दिलं आणि गप्प बसलो." तो थांबला. "संपली माझी खबर. तुझी सांग."

यजमानाने यावर म्हणायचं असतं, सगळं ठीक, खबर काही नाही. मुसल्लमने किटली उचलली आणि भावाचा कप भरला. थोडी कॉफी चटईवर सांडली.

"खबर काही नाही, दादा," तो म्हणाला. "पुढची चाकं रुंद करत होतो."